जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि दिल्लीत किती?

(ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त खोकला आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)

हेडफोन लावलाय ना? की बसमध्ये स्पीकरवर लावून शेजारच्या काकांनापण ऐकवताय? ऐकवा, हरकत नाही. आजचा विषय काकांच्याही कामाचा आहे.

मागच्या महिन्यात जिंतूरहून एका श्रोत्या ताईची व्हॉइस नोट आली. वय वर्षं एकोणीस. अजून पहिलं मत द्यायचंय. ती म्हणाली, "दादा, आपला एक खासदार. तिकडं पाचशे त्रेचाळीस. आपण मत दिलं काय अन् नाही दिलं काय, दिल्लीत परभणीला इचारतंय कोण?"

मी रिप्लाय टाईप करायला घेतला. "असं नसतं, प्रत्येक मत महत्त्वाचं असतं..." आणि खोडून टाकला. शाळेच्या निबंधातली ओळ आहे ती. तिनं आकडा विचारला होता, तर आकड्यातच उत्तर द्यायला पाहिजे. मी इंजिनिअर माणूस, शनिवार-रविवार लॅपटॉप घेऊन बसलो, जनगणनेचे आकडे एका शीटमध्ये ओतले. त्यातून जे निघालं ते आज सांगतो. काही गोष्टींनी माझंच तोंड बंद केलं.

आधी आपला नकाशा. परभणी लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा येतात. जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी या आपल्या जिल्ह्यातल्या, आणि परतूर, घनसावंगी या जालना जिल्ह्यातल्या. म्हणजे आपला खासदार हा पूर्ण आपला पण नाही, त्यात जालनेकरांचाही वाटा. २०२४ ला या मतदारसंघात मतदारच होते २१ लाखांच्या आसपास.

आता गोवा बघा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. परभणी जिल्ह्याची? १८ लाख ३६ हजार. हो, आख्खं गोवा राज्य आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान आहे! गोव्याला लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक. आणि आपल्याला, सहापैकी चार विधानसभा आपल्या, म्हणजे एका खासदाराचे दोन तृतीयांश. सिक्कीमची लोकसंख्या सहा लाख, तिथं लोकसभेत एक, राज्यसभेत एक.

आता लगेच "हा अन्याय आहे" म्हणून पोस्ट टाकू नका. थांबा जरा. गोव्याला ते का मिळतं? कारण गोवा राज्य आहे. लोकसभेत माणसं मोजतात, पण ती राज्याच्या डब्यात घालून मोजतात. आधी प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, मग त्या राज्याच्या आत मतदारसंघ. घटनेचा अनुच्छेद ८१ हेच सांगतो, आणि त्यातच सूट दिलीय की ६० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्याला हे प्रमाण लागू नाही. नाहीतर सिक्कीमला अर्धासुद्धा खासदार मिळाला नसता. आणि देशाच्या संसदेत एका राज्याचा एकही माणूस नाही, हे चालणार आहे का?

म्हणजे तुम्ही कुठल्या डब्यात बसलाय यावर सगळं आलं. आणि डबा बदलतो बरं का. यात परभणीचा अनुभव भारी आहे.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदान करून आले होते. तेव्हा वय एकवीस लागायचं. ते सांगायचे की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह, आणि कागद नेऊन त्या पेटीत टाकायचा, शिक्का वगैरे काही नाही. त्या वर्षी परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. पण कुठल्या राज्यातून? हैदराबाद. हैदराबाद राज्याच्या लोकसभेत २५ जागा होत्या, त्यातली एक परभणी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, ते मोठं द्विभाषिक राज्य, गुजरातसकट. १९५७ ला आबांनी मत दिलं तेव्हा परभणी ६६ पैकी एक होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला परभणी ४४ पैकी एक. तीन निवडणुका, तीन राज्यं! आणि आबा तर परभणीहून मानवतच्या पुढं गेले नव्हते. राज्यच त्यांच्या पायाखालून सरकलं.

पुढं महाराष्ट्राच्या ४४ च्या ४५ झाल्या, आणि १९७७ च्या निवडणुकीत ४८. तिथून आजपर्यंत ४८ च. उत्तर प्रदेशच्या ८० नंतर आपलाच नंबर.

इथं कोणी म्हणेल, १९७७ पासून लोकसंख्या वाढली की नाही? वाढली ना, दुपटीच्या वर. मग जागा का नाही वाढल्या? कारण कोणीतरी व्हॅल्यू हार्डकोड करून ठेवली.

कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळलं असेल, बाकीच्यांना सांगतो. प्रोग्रॅममध्ये एखादा आकडा दरवेळी नवीन आणायला पाहिजे, पण घाईत आपण तिथं एक ठरलेला आकडा लिहून टाकतो. "नंतर बदलू" म्हणतो. आणि ते नंतर काही येत नाही. १९७६ ला, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीनं ठरलं की राज्यांच्या लोकसभेतल्या जागा १९७१ च्या जनगणनेवरच राहतील, २००१ पर्यंत. त्याचं कारण मात्र तकलादू नव्हतं. कुटुंब नियोजन चालू होतं. ज्या राज्यांनी ते मनावर घेतलं त्यांची लोकसंख्या कमी वाढणार, मग त्यांच्याच जागा कमी होणार. शिस्तीत वागणाऱ्याला शिक्षा कशी द्यायची? २००१ आलं, आणि ८४ व्या दुरुस्तीनं मुदत अजून वाढवली. २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत.

म्हणजे २०२४ ला मी जे मत दिलं त्याचं राज्यनिहाय वजन १९७१ च्या माणसांवरून ठरलेलं होतं. माझा जन्म तर सोडा, तेव्हा माझ्या आईचासुद्धा जन्म झाला नव्हता.

शीटमध्ये भागाकार टाकला. १९७१ ला महाराष्ट्रात पाच कोटी चार लाख लोक, ४८ खासदार, म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख. २०११ ला ११ कोटी २४ लाख, म्हणजे एकामागे २३ लाखांच्या वर. आता हेच २०११ ला केरळमध्ये १६ लाख ७० हजार आणि राजस्थानात २७ लाख. राजस्थानातल्या माणसाचं मत केरळच्या माणसापेक्षा हलकं. आणि आपण बरोबर मध्ये लोंबकळतोय.

ही भानगड लोकसभेची. राज्यसभेचं काय? नावातच राज्य आहे, तर तिथं तरी राज्यं म्हणून किंमत असेल ना?

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा. १९६० ला राज्य झालं तेव्हाही १९, आजही १९. मला उत्सुकता लागली की हा १९ आला कुठून. घटनेच्या चौथ्या अनुसूचीत कोणाला किती ते लिहिलंय, पण का ते लिहिलेलं नाही. त्यामागचं सूत्र असं: पहिल्या पन्नास लाखांना दर दहा लाखांमागे एक जागा, आणि त्यापुढं दर वीस लाखांमागे एक. शेवटी उरलेले दहा लाखांच्या वर असतील तर त्यांचीही एक. मी चार ओळींचं फंक्शन लिहिलं आणि १९५१ चे आकडे टाकले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ ला होते तीन कोटी वीस लाख आणि वर अडीच हजार. पहिल्या पन्नास लाखांच्या ५, उरलेल्या दोन कोटी सत्तर लाखांत वीस-वीस लाखांचे १३ गठ्ठे, आणि खाली उरले दहा लाख अडीच हजार. दहा लाखांच्या वर फक्त अडीच हजार! म्हणून अजून एक. ५ अधिक १३ अधिक १, एकोणीस.

मंडळी, अडीच हजार माणसं म्हणजे आमच्याकडचं एक मध्यम गाव. तेवढ्यावर राज्यसभेची एक जागा टिकलीय, साठहून जास्त वर्षं. मला वाटलं योगायोग असेल, म्हणून तमिळनाडू टाकलं, १८ आले, बरोबर. उत्तर प्रदेश टाकलं, उत्तराखंड धरून, ३४ आले. आज त्यांचे ३१ आणि ३ मिळून ३४ च आहेत. माझं कोड कधीच पहिल्या रनला चालत नाही, हे चाललं.

म्हणजे लोकसभा १९७१ वर अडकलीय आणि राज्यसभा १९५१ वर.

या सूत्रात एक बारीक चांगुलपणा आहे. पहिल्या पन्नास लाखांना जास्त भाव, म्हणजे लहान राज्याकडं थोडं झुकतं माप. पण थोडंच. यावरून आठवलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कोणी पहिल्यांदा म्हणलं आणि का म्हणलं कोणालाच माहीत नाही, पण छाती फुगते. तर जर्मनीतही आपल्या राज्यसभेसारखं सभागृह आहे, बुंडेसराट. तिथल्या सोळा राज्यांना कमीत कमी तीन मतं आणि जास्तीत जास्त सहा. ब्रेमेन नावाचं राज्य आहे, लोकसंख्या सात लाखांच्या आसपास, त्याला तीन. सगळ्यात मोठ्या राज्यात एक कोटी ऐंशी लाख लोक, त्याला सहा. पंचवीसपट माणसं आणि मतं फक्त दुप्पट. आणि तिथं बसतात कोण? राज्य सरकारचे मंत्रीच. मत देताना राज्याची सगळी मतं एकगठ्ठा, फाटाफूट नाही.

आपल्याकडं आमदार मत देऊन खासदार पाठवतात. महाराष्ट्रात २८८ आमदार. एका वेळी सात जागा असतील तर एका माणसाला निवडून यायला ३७ मतं लागतात. परभणी जिल्ह्याचे आमदार चार. ३७ मधले ४! आपल्या जिल्ह्यातला माणूस राज्यसभेवर जात नाही असं नाही, २०२० ला परभणीच्याच फौजिया खान बिनविरोध गेल्या. पण ते पक्षानं ठरवलं म्हणून. २००३ ला कायदा असा बदलला की ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं तिथला मतदार असण्याची अट राहिली नाही, देशात कुठंही यादीत नाव असलं की झालं. त्याला कुलदीप नय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, २००६ ला निकाल कायद्याच्या बाजूनं लागला. म्हणून २०२२ ला उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून राज्यसभेत जाऊ शकले. हे सगळेच पक्ष सगळ्याच राज्यांत करतात, त्यामुळं एकावर खापर फोडण्यात अर्थ नाही. मला स्वतःला विचाराल तर मला हे पटत नाही. राज्याचं नाव लावून बसायचं तर त्या राज्याची एसटी तरी पकडलेली असावी.

आणि व्हिप आहेच. पक्षाचा आदेश आला की लोकसभा असो की राज्यसभा, माणूस पक्षासाठी हात वर करतो. ताई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे, पण ते दुसऱ्या एपिसोडचं मटेरियल आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ ला भाषिक राज्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स'. राज्यांचे आकार इतके कमीजास्त असतील तर मोठी राज्यं सगळ्यांवर भारी पडतील, उत्तर आणि दक्षिण यांचं जमणार नाही, ही भीती त्यांनी तेव्हाच मांडली. त्यांचा उपाय जागांचं गणित बदलायचा नव्हता, डबे लहान करायचा होता. उत्तर प्रदेशचे तीन भाग करा म्हणाले. आणि महाराष्ट्राचे चार! मुंबई शहर वेगळं, पश्चिम महाराष्ट्र, पूर्व महाराष्ट्र, आणि मराठवाडा ज्यात येतो तो मध्य महाराष्ट्र. मराठवाडा मागास आहे, त्याला पुण्याच्या दावणीला बांधू नका, असा त्यांचा एकूण रोख. हे वाचून मी जरा गप्प बसलो. कारण मी पुण्यातूनच बोलतोय.

आता पुढं काय? सरकारनं जनगणना जाहीर केलीय, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. घटनेत आज जे लिहिलंय त्याप्रमाणे ती २०२६ नंतरची पहिली, म्हणजे गोठवलेलं सगळं वितळणार. दक्षिणेत त्यावरून रान पेटलंय ते उगाच नाही. आहेत त्याच ५४३ जागा २०११ च्या लोकसंख्येवर साध्या त्रैराशिकानं वाटल्या तर तमिळनाडूच्या ३९ च्या ३२ होतात, केरळच्या २० च्या १५. उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या जवळ. आणि महाराष्ट्र? ४८ चे ५०. आपलं ना नुकसान, ना मोठा फायदा. नवीन लोकसभेत ८८८ खुर्च्या बसवल्यात, त्यामुळं जागा वाढतीलही, पण वाटा तेवढाच.

म्हणजे महाराष्ट्राची काळजी दिल्लीत नाहीये. ती महाराष्ट्राच्या आत आहे. वाढलेली माणसं राज्यात कुठं वाढली?

२००८ ला एक झलक बघून झालीय. तेव्हा राज्याच्या एकूण जागांना हात लावला नाही, पण आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेवर नव्यानं आखल्या. जुन्या ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ वरून २४ झाले. पुणे १८ वरून २१. ते कुठून तरी आलेच ना? विदर्भाचे ६६ वरून ६२ वर आले, आणि लोकसभेच्या ११ वरून १०. कोकणात राजापूर आणि रत्नागिरी मिळून एकच मतदारसंघ. आपल्याकडं जुन्या माणसांना सिंगणापूर मतदारसंघ आठवत असेल, तोही तेव्हाच नकाशावरून गेला.

म्हणून मला शंभर टक्के खात्री होती की मराठवाडा मार खाणार. एपिसोडचं थंबनेल पण डोक्यात तयार होतं. आठही जिल्ह्यांची बेरीज टाकली. २०११ ला एक कोटी ८७ लाख. राज्याच्या सोळा पूर्णांक सदुसष्ट टक्के. ४८ ला गुणलं. आठ. बरोबर आठ. आज मराठवाड्याच्या लोकसभेच्या जागा आठच आहेत. विधानसभेला गुणलं तर ४८ आले, आणि आज आहेत ४६. म्हणजे २०११ ला आपण मागं नाही, दोन आमदारांनी पुढं होतो. एकट्या परभणी जिल्ह्याच्या वाट्याला ४.७ आमदार येतात, आहेत ४. २००१ ते २०११ मध्ये आपला जिल्हा वीस टक्क्यांनी वाढला, राज्य सोळा टक्क्यांनी. थंबनेल गेलं कचऱ्यात.

पण ते २०११. त्यानंतर काय झालं ते शीटमध्ये नाही, माझ्या फ्लॅटमध्ये आहे. आम्ही हिंजवडीत तिघं राहतो. एक सेलूचा, एक पूर्णेचा, एक मी मानवतचा. खालच्या मजल्यावर गंगाखेडची दोन पोरं. आमच्या दहावीच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं आज पुणे, मुंबई नाहीतर हैदराबादला. आणि हे शिकलेल्यांचं झालं. दिवाळीनंतर ऊसतोडीला किती बिऱ्हाडं उठतात ते आपल्याला माहितेय, आणि लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी असते फेब्रुवारीत, ऐन हंगामात. त्या दिवसांत तुम्ही जिथं राहताय तिथं तुम्ही मोजले जाता.

आता माझं बघा. २६ एप्रिल २०२४, शुक्रवार, परभणीचं मतदान. मी आदल्या रात्री ट्रॅव्हल्स धरून गेलो, सकाळी आईबरोबर रांगेत उभा राहिलो, शाई लावलेल्या बोटाचा स्टेटस टाकला. मत परभणीत. आणि जनगणनेत मी मोजला जाणार पुण्यात. म्हणजे पुण्याच्या आमदारांची संख्या वाढवायला माझं डोकं, आणि मत मात्र परभणीच्या यादीत. मी दोन्हीकडं थोडा-थोडा आहे. कायदा तर सरळ सांगतो की जिथं सर्वसाधारणपणे राहता तिथंच मतदार म्हणून नाव असावं, गावात घर आहे एवढ्यानं भागत नाही. मला हिंजवडीत पाच वर्षं झाली. म्हणजे त्या रांगेत मी नियमाच्या बाहेरच उभा होतो.

मग नाव पुण्यात आणायचं का? आणलं तर नियमात बसेन, पाण्याच्या टँकरचं आणि ट्रॅफिकचं मत तिथंच द्यायला पाहिजे हेही खरं. पण मग परभणीच्या मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीत उरणार कोण, आई-वडील आणि त्यांच्या वयाची माणसं. आपल्याकडच्या रस्त्याचा, पाण्याचा, पीकविम्याचा हिशेब मागायला पोरंच नाहीत.

आईला फोनवर सांगितलं की मोजणीला माणूस घरी येईल, तेव्हा माझं नाव लिहू नको, मी पुण्यात मोजला जाणार आहे. ती म्हणाली, "काहून? माझं लेकरू हाय, मी लिहिणार." मी समजावून सांगितलं, दोनदा मोजणी होती, चूक होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अन् मंग इथं आमी दोघंच?"

हो. शीटमध्ये दोघंच.

तर जिंतूरच्या ताई, तुझं उत्तर. दिल्लीत परभणी किती? लोकसभेत दोन तृतीयांश खासदार, राज्यसभेच्या एका जागेमागच्या ३७ पैकी ४ मतं. आणि पुढं किती, ते फेब्रुवारी २०२७ मध्ये तू कुठं असशील यावर आहे. तू पुण्याला ॲडमिशन घ्यायचं म्हणत होतीस ना?

मोबाईलवर फॉर्म ८ उघडून ठेवलाय, पत्ता बदलायचा. अर्धा भरलाय. तुम्ही काय केलंय, नाव गावाकडंच ठेवलंय की शहरात आणलंय, मला व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. शीटची लिंक खाली देतो, बेरीज चुकली असेल तर बिनधास्त सांगा. भेटू पुढच्या रविवारी.